चादरीचं बीपी

सुनंदा,

पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट काल दुपारी वॉर्डात लागायला हवी होती. ती अजून माझ्या टेबलावर आहे. सतरा ओळी आखल्या, सोळा नावं लिहिली. नववी ओळ तुझी असायची. ती रिकामी ठेवायची असं काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप आठवरून दहावर गेला. मेट्रनचा दोनदा फोन येऊन गेला. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "विजयाताई, तुमच्याकडून कधी उशीर होत नाही." खरं आहे. ज्या एका कामाला उशीर झाला असता तर बरं झालं असतं, तेही मी वेळेतच केलं. ते काम कोणतं, हे सांगायला हा कागद घेतलाय.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. हॉस्पिटलच्या शोकसभेत सगळे बोलले. सेवाभावी, हसतमुख, समर्पित. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि डोक्यात तुझाच आवाज चालू होता, "कुणाची शोकसभा आहे गं ही? मी ओळखते का तिला?" तू हसतमुख नव्हतीस. चाळीस खाटांच्या फीमेल मेडिकल वॉर्डात दोनच सिस्टर असताना कुणीच हसतमुख नसतं. तू हसायचीस ती कुणाची तरी फिरकी घेताना, आणि ती बहुतेक वेळा माझी असायची. मला बोलायला लावलं तेव्हा मी म्हणाले, सुनंदा वक्तशीर होती. तेही खरं नाही. तुझी ड्युटी दोनला संपायची आणि तू तीनला निघायचीस. त्यावरून मी तुला किती बोललेय.

आपली गाठ सांगलीची. नर्सिंग स्कूलला एका बाकावर होतो. मी पलूसची, तू पाटणच्या वरच्या अंगाची. बीपी मोजायला शिकवलं त्या दिवशी जोड्या लावल्या आणि मी तुझा हात घेतला. दंड एवढा बारीक की कफच्या पट्ट्याचे जवळजवळ दोन वेढे बसले. मी घाईघाईनं हवा सोडली आणि आकडा सांगून टाकला. तू हात काढून घेतला नाहीस. म्हणालीस, "विजू, तुला ऐकू आलं का खरंच? का आमचं आपलं उरकलं?" मग पुन्हा मोजलं. एकशे दहा-सत्तर निघालं. सव्वीस वर्षं झाली, तो आकडा मला पाठ आहे. कारण त्यानंतर तुझ्या दंडाला कफ मी थेट गेल्या महिन्यात बांधला.

पुढे दोघी हायवेलगतच्या या एकाच हॉस्पिटलात आलो. मी याद्या करत करत इन्चार्ज झाले. तू स्टाफ नर्सच राहिलीस. इन्चार्ज झालं की पेशंटपेक्षा कागदाला जास्त हात लागतो असं तुझं मत होतं, आणि ते दिवसातून एकदा तरी तू मला ऐकवायचीस. तुझी बीपी मोजायची पद्धत हा तर वॉर्डातला जुना वाद. तू म्हणायचीस, "पहिला आकडा भीतीचा असतो. बाई जिना चढून आलेली असते, घरचं भांडण डोक्यात असतं. तिला पाच मिनिटं बसव, बोलू देऊ नको, मग दुसरा घे. तो खरा. तो लिही."

मी म्हणायचे, "चाळीस पेशंट, प्रत्येकी पाच मिनिटं. गणित मांड."

"गणित तू मांड. मी बीपी मोजते."

एक गोष्ट आपण नर्सेस बाहेर बोलत नाही, ती मी आज लिहिते. माणसं कमी असली आणि ड्युटी संपत आली की चार्टवरचे रकाने कधीकधी खुर्चीवर बसून भरले जातात. पेशंट बरा दिसतोय ना, मग बीपी एकशेवीस-ऐंशी. सगळ्याच लिहितात असं नाही, पण लिहिलं जातं. मीही लिहिलंय. तू नाही. एकदा एका नवीन मुलीनं पंधरा नंबरच्या खाटेचा चार्ट असाच भरला होता. तू तो हातात घेऊन तिला सगळ्यांसमोर खाटेपाशी नेलंस. खाट रिकामी होती. ती बाई सकाळीच घरी गेली होती.

"एकशेवीस-ऐंशी," तू वाचलंस. "चांगलं आहे की. कुणाचं घेतलंस? या चादरीचं?"

पोरगी रडकुंडीला आली, आणि आपण सगळ्या पोट धरून हसलो. तेव्हापासून न मोजता लिहिलेल्या आकड्याला वॉर्डात नावच पडलं, चादरीचं बीपी. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून एकेका पेशंटची माहिती घेताना, तू डोळे बारीक करून विचारायचीस, "हे बाईचं आहे का चादरीचं?"

कोरोना सरला आणि आपल्या वॉर्डातल्या मुली एकेक करून जायला लागल्या. कुणी आखातात गेली, कुणी लग्न करून, कुणी नुसतीच घरी बसली. पाच जागा रिकाम्या झाल्या आणि रिकाम्याच राहिल्या. त्या पाच जणींचं काम उरलेल्यांत कसं वाटायचं हे माझं काम होतं, आणि मी ते चांगलं केलं, असं मला वाटायचं. कुणाला किती रात्री, कुणाला किती डबल ड्युट्या, सगळं पेन्सिलीनं आखून, खोडून, पुन्हा आखून. कुणी आजारी पडली, कुणाचं मूल तापलं, की मी फोन हातात घ्यायचे आणि पहिला फोन तुला लावायचे. तू "अगं बाई" म्हणायचीस आणि यायचीस. त्यामुळे दुसरा फोन लावायची वेळच यायची नाही.

चादरींच्या खोलीत जाऊन रडायची पद्धत तेव्हाच पडली. दार लावायचं, पाच मिनिटं रडायचं, तोंड धुऊन बाहेर यायचं. एकदा मी दार उघडलं तर तू आणि तीच नवीन मुलगी, दोघी एकदम. मी म्हणाले, "दोघी एकदम नाही. वॉर्डात कोण आहे?"

तू नाक पुसत म्हणालीस, "मग लिस्ट लाव ना, इन्चार्जबाई. सोमवारी मी, मंगळवारी ही. तुझा नंबर रविवारी टाक, साप्ताहिक सुट्टीला."

त्यानंतर रोजचीच चौकशी झाली, आज कुणाची पाळी? शेवंता मावशी सुद्धा बादली घेऊन दारात उभी राहायची, "आवं शिस्टर, आज रडायचा नंबर कुणाचा हाय? माजा असंल तर आत्ताच उरकून घिते. फरशी वाळायच्या आत." आपण हसायचो. त्या हसण्यावर एखादा आठवडा निघायचा.

मग तू चादरींच्या खोलीत जायची थांबलीस. मला वाटलं, सावरली. मनात तशी नोंदही केली, सुनंदा आता बरी आहे.

एका दुपारी डबा उघडून तू माझ्यासमोर बसलीस आणि घास न घेता म्हणालीस, "सात नंबरची आजी गेली सकाळी. तीन आठवडे मी भरवलं तिला. आणि ती गेली तेव्हा मी काय केलं माहितीय? घड्याळ बघितलं. दोनच्या आत सगळं आवरेल का, ते बघितलं. विजू, मला काहीच वाटलं नाही. काहीच."

मी काय केलं? मी कागद घेतला. भरपूर पाणी, रोज सात तास झोप, डबा वेळेवर, बी-कॉम्प्लेक्स, आठवड्यातून एकदा मोकळ्या हवेत फिरणं. पाच ओळी लिहून तुझ्यासमोर सरकवल्या. तू शांतपणे वाचल्यास. मग भिंतीवरच्या ड्युटी लिस्टकडे बोट केलंस.

"यात झोप दोन नंबरला आहे. त्यात मला नऊ नाइट आहेत. दोन्ही याद्या एकाच बाईनं केल्यात का गं? अक्षर तर एकच दिसतंय."

मी चिडले. म्हणाले, "मग कुणाला लावू? सांग नाव. तू नाव सांग, मी आत्ता खोडते."

तू लिस्टकडे बराच वेळ बघत राहिलीस. एकेका नावावर तुझी नजर थांबत होती. एकीचं मूल तान्हं, एकीची सासू अंथरुणात, एकीला स्वतःलाच दम. मग तू डबा बंद केलास आणि उठलीस. तू कुणाचंच नाव घेणार नाहीस हे मला माहीत होतं, सुनंदा. माहीत होतं म्हणूनच विचारलं. माझ्या सगळ्या याद्या त्यावर उभ्या होत्या.

आता त्या कामाबद्दल.

पाच महिन्यांपूर्वी हॉस्पिटलची पाहणी करायला बाहेरचं पथक येणार होतं. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या फायलीत आरोग्य तपासणीचा फॉर्म हवा होता. तपासणीचं शिबिर तळमजल्यावर झालं, पण वॉर्ड सोडून जाणार कोण? म्हणून आपल्या वॉर्डाचे फॉर्म मेट्रननं माझ्याकडे पाठवले. "चार वाजेपर्यंत सगळे भरून द्या, विजयाताई. तुमचं काय, तुमचं होईलच." मी सतरा नावांची यादी केली. ज्या सापडल्या त्यांचं मोजलं, ज्या सापडल्या नाहीत त्यांचं लिहिलं. चारला पाच मिनिटं कमी असताना तुझा एकटीचा राहिला होता. तू सहा नंबरच्या बाईची शीर शोधत होतीस.

मी लांबूनच विचारलं, "सुनंदा, वजन?"

"मागच्या वर्षीचं लिही. वर दोन किलो घाल, तुझ्या लाडवांचे."

"बीपी?"

तू मान वर केलीस. "ते मोज."

"आता? खालून माणूस आलाय न्यायला."

"मग तो गेल्यावर मोज. सकाळी उठलं की मागून डोकं धरतंय, गेले बरेच दिवस. खरंच मोज एकदा."

"उद्या मोजते. आता नॉर्मल लिहिते."

"चादरीचं?" तू म्हणालीस. "माझं?"

"अगं, तू काय पेशंट आहेस का?"

तू काहीतरी बोलणार होतीस. तोंड उघडलं होतंस. तेवढ्यात सहा नंबरची बाई ओकली आणि तू तिच्याकडे वळलीस. ते उत्तर काय होतं, हे मी गेले अठरा दिवस शोधतेय. तुझ्या आवाजात चार-पाच उत्तरं करून बघितली. एकही तुझं वाटत नाही.

मी १२०/८० लिहिलं. खाली सही केली. यादीत तुझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. माझा स्वभाव तुला माहीत आहे. खूण झाली की ते काम माझ्या डोक्यातून जातं. सतरापैकी सतरा. "उद्या मोजणे" हे मी कुठल्याच यादीत लिहिलं नाही, आणि जे यादीत नाही ते मी करत नाही.

तू नंतर एकदा आठवणही केलीस. चहा पिताना बाही वर करून दंड माझ्या टेबलावर ठेवलास. "उगवला का गं तुझा उद्या?" मी रजेचे अर्ज लावत होते. म्हणाले, "सोमवारी नक्की." तू बाही खाली केलीस. त्यानंतर तुझ्याजवळून बामचा वास यायचा आणि मी म्हणायचे, चहा घे, बरं वाटेल.

तू स्वतःचं स्वतः का मोजलं नाहीस, असं नंतर दोघी-तिघींनी मला विचारलं. पहिल्या आकड्यावर तुझा विश्वास नव्हता, आणि दुसऱ्यासाठी बसायला तुझ्याकडे पाच मिनिटं नव्हती. ती पाच मिनिटं काढून देणं माझं काम होतं. दुसऱ्या कुणाचं नाही.

त्या सकाळी नवव्या नाइटनंतर तू मला ओव्हर देत होतीस. वॉर्डात ऊन आलं होतं, मावशी चहाचे कप गोळा करत होती. तू वहीतून वाचत होतीस. "बारा नंबर, ताप उतरलाय. तेरा नंबर, शुगर कमी आली होती, ग्लुकोज दिलं. चौदा नंबर." मग थांबलीस. "चौदा नंबर." पुन्हा थांबलीस. वहीकडे बघत होतीस आणि तुला ती वाचता येत नव्हती. "चौदा नंबर."

मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पुढे."

तुला अर्थ कळेल असं मी बोललेलं ते शेवटचं. पुढे.

मग तुझ्या हातातून पेन पडलं आणि तोंडाची एक बाजू खाली ओढल्यासारखी झाली. तुला खाली बसवलं, नंतर आडवी केली, आणि मी तुझ्या दंडाला कफ बांधला. दोनशे तीस-एकशे तीस. मी पाच मिनिटं थांबले नाही. दुसरा आकडा घेतला नाही. त्या दिवशी पहिलाच खरा होता.

मेंदूत रक्तस्राव, सांगलीला न्या, असं डॉक्टर म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये मी तुझ्याजवळ बसले. पेठ नाक्याला वळलो, आष्टा मागे पडलं, आणि कृष्णेच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी तुझ्या कानात म्हणाले, "सुनंदा, सांगली आली." सुट्टीवरून परत येताना एसटीत तू मला असंच उठवायचीस. तू डोळे उघडले नाहीस. चार दिवस उघडले नाहीस. पाचव्या दिवशी सकाळी तिथल्या एका मुलीनं तुझा चार्ट पूर्ण केला आणि मग तुझ्यावर चादर ओढली. मी तिच्या खांद्यावरून चार्ट वाचला. अक्षर नीट होतं. डोळ्यांखाली काळं होतं तिच्या. तिलाही नऊ नाइट असतील.

तेराव्याला उंब्रजला तुझ्या घरी आले. तुझे यजमान, माझे भाऊजी, ओट्यावर बसले होते, फौजेत सुभेदार असताना बसायचे तसेच ताठ. येणाऱ्या प्रत्येकाला प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून दाखवत होते. तुझी फाईल ऑफिसनं त्यांना दिली होती, त्यातला तो फॉर्म.

"आवं ताई, ह्ये बघा," मलाही दाखवला. "पाच म्हैन्यामागचा कागद हाय. बीपी नॉर्मल. समदं नॉर्मल. तिच्यात काय दोषच नव्हता बघा. आलं ते अचानकच आलं. माणसाच्या हातात काय नव्हतं."

बसलेले सगळे माना हलवत होते. व्हय, व्हय, माणसाच्या हातात काय नसतं. माझी सही त्यांच्या अंगठ्याखाली झाकली गेली होती.

तरीही मी गप्प राहिले असते. खरं सांगते, गप्प राहायचं ठरवलंच होतं. त्या माणसाला तेवढा एक कागद उरला होता. पण निघताना तुझी ऋतुजा फाटकापर्यंत आली. सांगलीला फार्मसी शिकणारी पोरगी, तुझ्यासारखंच बोलणं. म्हणाली, "मावशी, म्हणजे आमच्या घरात आईकडून बीपी नाही, हो ना? मैत्रिणी म्हणत होत्या तपासून घे. पण फॉर्मवर नॉर्मलच आहे." आणि मला कळलं की तो खोटा आकडा अजून संपलेला नाही. तो आता पोरीच्या चार्टवर जाऊन बसतोय.

तीन दिवसांनी पुन्हा गेले. पिशवीत कफ आणि स्टेथो घेतला. भाऊजी आणि ऋतुजा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. न मोजता लिहिलं. तिनं मोज म्हटलं होतं, मी उद्या म्हटलं. डोकं धरतंय असंही म्हणाली होती. सगळं क्रमानं सांगितलं, काही गाळलं नाही.

भाऊजींनी पिशवीतून तो फॉर्म काढला. मग म्हणाले, "ती सोताच म्हणली व्हती? मोज म्हणून?"

"हो."

"आपल्या तोंडानं?"

"हो, भाऊजी."

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मी त्याच तयारीनं गेले होते. ऋतुजा उठली आणि बाही वर करून माझ्यासमोर बसली. "मावशी, माझं मोजा."

पहिला आकडा थोडा जास्त आला. मी म्हणाले, पाच मिनिटं थांबू, बोलायचं नाही. ती पाच मिनिटं, सुनंदा. भिंतीवर तुझा फोटो, त्याला हार, आणि आम्ही तिघं गप्प. पोरीनं बाही वर केलेली बघून भाऊजींनी सवयीनं स्वतःची बाही वर सारली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती हळूच खाली केली.

"घरात मशीन हाय, ताई," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "माझ्यासाठीच आणलंय तिनं. रोज डूटीवनं आली की पैलं माझं बघायची. मी हात पुढं करायचो. लिवून ठेवायची वहीत. दोन वर्सं. एकदाबी म्हणलो न्हाई मी, आता तुजा दे."

मी माझं ओझं उतरवायला गेले होते. ते त्यांच्या डोक्यावर ठेवून आले. माणसाच्या हातात काही नव्हतं, एवढ्यावर ते कसेबसे उभे होते. मी जाऊन सांगितलं की होतं. माझ्या हातात होतं. आणि त्यांनी त्यातून ऐकलं ते त्यांच्या हाताचं. मी बरोबर केलं की नाही, मला ठरवता येत नाही. आयुष्यात प्रथमच एखाद्या कामापुढे कोणती खूण करायची ते कळत नाहीये.

पाच मिनिटांनी ऋतुजाचं पुन्हा मोजलं. कान देऊन, हवा सावकाश सोडत, तू शिकवलंस तसं. पहिला ठोका एकशेवीसला आला. शेवटचा ऐंशीला.

मी आकडा सांगितला. पोरीनं माझ्याकडे बघितलं.

"खरं सांगताय ना, मावशी?"

"पुन्हा मोजू?"

"नको," ती म्हणाली आणि बाही खाली केली.

भाऊजींनी तो फॉर्म घडी करून पिशवीत घातला, पिशवी ट्रंकेत ठेवली आणि ट्रंक खाटेखाली सरकवली. दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मी काहीच न बोलता उठले. एरवी मला ती रीत अवघड वाटते. त्या दिवशी तिचा आधार वाटला.

मग वॉर्डात सगळ्यांचं मोजलं. पाच मिनिटं बसवून, एकेकीचं, दोनदा. दोन दिवस लागले. सहा जणींचं वर निघालं, त्यातली एक अजून तिशीचीही नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मी मेट्रनकडे यादी घेऊन गेले आणि म्हणाले, या सहा जणींना नाइट कमी करायच्या आहेत, माणसं द्या. त्यांनी यादी वाचली. त्यांचेही डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते चांगलंच केलंत, विजयाताई. पण माणसं कुठून आणू? तुम्ही बसवा कसं तरी. तुम्हाला जमतं."

मला जमतं. तेच तर झालंय. आपण कसंतरी बसवतो म्हणून ते बसतं, आणि बसतं म्हणून कुणाला माणसं द्यावी लागत नाहीत. तुझ्या नऊ नाइट आता सोळा जणींत वाटायच्या आहेत. त्यातल्या सहा जणींचे आकडे माझ्यासमोर आहेत. आधी ते माहीत नव्हते, आता मोजून, माहीत असून वाटायच्या. न मोजता वाटणारी का मोजून वाटणारी, कुठली बाई जास्त वाईट, सांग. तुझ्याशिवाय हा वाद घालायला मला कुणी उरलेलं नाही.

दुपारी शेवंता मावशीनं टेबल पुसता पुसता बीपीच्या यादीवर नजर टाकली. तिला अक्षरं येत नाहीत, पण खुणा कळतात. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं खूण न्हाई. ह्यो कोण ऱ्हायला?"

"मी."

"तुमचं कोण बगनार मग?" ती म्हणाली. "तुमी समद्यांच्या शिस्टर." आणि बादली उचलून गेली.

मी नव्या मुलीला बोलावलं. तीच, पंधरा नंबरची चादर मोजणारी. खुर्चीवर बसून दंड तिच्यापुढे केला. तिनं पहिला आकडा घेतला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "सिस्टर, एकशे अडुसष्ट-एकशे दोन. पण हा भीतीचा असेल. पाच मिनिटं बसा. बोलू नका." तिला कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती.

त्या पाच मिनिटांत या शेवटच्या ओळी लिहितेय. बोलायला बंदी आहे, लिहायला नाही. तू असतीस तर पेनही काढून घेतलं असतंस. बाहेर चौदा नंबरची बाई हाक मारतेय. मी उठलेली नाही. समोर लिस्ट आहे, नवव्या ओळीत कुणीही नाही.

तिनं दुसरा घेतला. एकशे चौसष्ट-शंभर.

हळूच विचारते, "सिस्टर, काय लिहू?"

निघालं तेच लिही म्हणाले. मोजलंय.